‘सिंहगड’ची रिळे गेली, निदान त्याचे कागद तरी वाचवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे येथील अधिकारीवर्ग

विषय : १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटाचा आणि त्याच्या उरल्यासुरल्या खुणांचा शोध

महोदय,

हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आजही पुस्तकांच्या दुकानात मागितली की मिळते. त्याच कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ साली काढलेला ‘सिंहगड’ हा मूकपट मात्र आज कुठेही पाहायला मिळत नाही. तो हरवलेल्या चित्रपटांच्या यादीत जमा आहे. एकदा या यादीत नाव गेले की विषय संपला, अशी आपली समजूत झाली आहे. ती समजूत बरोबर नाही, आणि ती वेळेवर मोडली नाही तर रिळांपाठोपाठ त्या चित्रपटाचे कागदही जातील. ‘सिंहगड’चा पद्धतशीर शोध शासनाने आपल्या अंगावर घ्यावा, एवढीच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे.

आधी हा चित्रपट काय होता ते सांगू द्या, कारण त्याच्याविषयी आज घरोघरी ठाऊक असावे तेवढे ठाऊक नाही.

हरिभाऊ आपटे १८६४ चे. ‘करमणूक’ हे त्यांचे नियतकालिक १८९० साली निघाले आणि मराठी माणसाला कादंबरीची गोडी त्यांनीच लावली. ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचून ज्यांच्या घरातल्या बायका रडल्या, त्याच घरांत ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ मोठ्याने वाचली गेली. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले. आपली कादंबरी पडद्यावर हललेली त्यांना पाहता आली नाही.

पडद्यावर ती हलवली बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांनी, म्हणजे आपल्या बाबूराव पेंटरांनी. शाळेचे शिक्षण बेताचे. नाटकांचे पडदे रंगवण्यात हात तयार झालेला. चुलतभाऊ आनंदराव पेंटरांच्या जोडीने त्यांनी कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले, ते या चित्रपटावर खूश होऊन. त्यानंतर तीन वर्षांनी ‘सिंहगड’.

या चित्रपटातली एक गोष्ट सिनेमाच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत येते, पण एका वाक्यात उरकली जाते : यात कृत्रिम प्रकाश वापरला गेला, भारतात बहुधा पहिल्यांदा. मला या एका वाक्याजवळ थोडे थांबायचे आहे. तोवर आपल्याकडचा सिनेमा सूर्याच्या मर्जीवर चालायचा. स्टुडिओला छप्पर नसायचे, वर पांढरे कापड ताणून ऊन मऊ करायचे आणि ढग आला की सगळ्यांनी हात बांधून बसायचे. पडद्यावर रात्र हवी असेल तर दिवसा चित्रण करून फीत निळ्या रंगात बुडवायची. प्रेक्षकही ती रात्र मानून घ्यायचे.

पण हरिभाऊंची ही कादंबरी रात्रीवर उभी आहे. माघ वद्य नवमीची रात्र, चंद्र उशिरा उगवणारा, कड्याला दोर लावलेला, वर उदयभानू गाफील. तो अंधार नसेल तर ती चढाई नाही, आणि चढाई नसेल तर तानाजी नाही. ज्या प्रेक्षकाने हे प्रकरण चार वेळा वाचलेले किंवा ऐकलेले आहे, त्याच्यापुढे भर उन्हातली निळी रात्र ठेवून चालणार नव्हते. बाबूराव हाडाचे चित्रकार होते; उजेड कुठे पडावा यापेक्षा तो कुठे पडू नये, हे चित्रकाराला आधी कळते. त्यांनी दिवे आणले. चांदणे आणि धुके दिव्यांनी उभे केले. एका मराठी कादंबरीतल्या रात्रीचा मान राखायचा म्हणून कोल्हापुरात ही सोय झाली, असे मी समजतो, आणि मराठी साहित्याचा आणि सिनेमाचा याहून जिवंत संबंध मला दुसरा दाखवता येणार नाही.

ती रात्र पडद्यावर कशी दिसली? आज सांगायला कोणी नाही. बाळासाहेब यादव, कमलादेवी, बाबूराव पेंढारकर, केशवराव धायबर अशी माणसे त्यात होती. शेलारमामा झाले होते शांताराम वणकुद्रे, पुढचे व्ही. शांताराम. तेव्हा ते एकवीस-बावीस वर्षांचे होते आणि काम मिळाले पांढऱ्या मिशांच्या शेलारमामाचे. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीसाठी त्यांनी स्वतः ‘सिंहगड’ बोलपट म्हणून पुन्हा केला. गुरूकडून काय घेतले आणि काय बदलले, हे दोन्ही शेजारी ठेवून बघण्याची संधी आपल्याला नाही. कादंबरी राजपुतान्यात सुरू होते, सती जायला निघालेल्या कमलकुमारीपासून. ते सगळे कथानक पेंटरांनी पडद्यावर किती ठेवले आणि किती गाळले? साहित्य शिकवणाऱ्या कोणत्याही माणसाला हा प्रश्न पडेल. उत्तर फितीत होते.

आणखी एक. त्या काळी वाचता येणारी माणसे थोडी. मूकपटात मधूनमधून पाट्या यायच्या, त्या थिएटरात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचा, पेटी-तबला पडद्यापुढे वाजत असायचा. म्हणजे ज्या माणसाला ‘करमणूक’ परवडले नाही, ज्याला अक्षर लागत नव्हते, त्याच्यापर्यंत हरिभाऊ पोचले ते या वाटेने. कादंबरीच्या वाचकांचा हिशेब करताना आपण हे प्रेक्षक धरतच नाही.

हा चित्रपट गेला कसा, याचे उत्तर एका माणसाकडे बोट दाखवून देता येत नाही. त्या वेळची फीत नायट्रेटची. ती आपोआप कुजते. आधी चिकट होते, मग फुगते, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. पेटली तर पाण्यातही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला आणि मूकपटाची किंमत एका झटक्यात उतरली. ज्या रिळांनी थिएटरे भरली होती ती अडगळ झाली. त्यातली चांदी काढून घ्यायला घेणारे तयार होते. धुतलेल्या फितीच्या बांगड्याही झाल्या. इकडे १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले, प्रभात सुरू झाली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीची अखेर जवळ आली. बंद पडलेल्या कंपनीची रिळे सांभाळणार कोण? सरकारी चित्रपट संग्रहालय यायला १९६४ उजाडले. त्यानंतरही आपण पुरेसे शहाणे झालो नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठारात आग लागली आणि जपून ठेवलेल्या नायट्रेटच्या फिती जळाल्या. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. उरलेले, तुकडे धरूनही, तीसच्या घरात. पेंटरांच्या मूकपटांतले ‘मुरलीवाला’सारखे अवशेष त्यांत आहेत हे नशीब. ‘सिंहगड’ नाही, आणि १९२५ चा ‘सावकारी पाश’ही नाही.

म्हणून शोध निरर्थक आहे का? नाही, आणि याला दोन ठोस दाखले आहेत.

कोलकात्याच्या मदन कंपनीचा १९१९ चा ‘बिल्वमंगल’ कायमचा गेला असे सगळे धरून बसले होते. त्याचा सुमारे ५९४ मीटर लांबीचा भाग पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेझमध्ये निघाला, आणि २०१६ मध्ये तो पुण्याच्या संग्रहालयात आला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांचे नाव लंडनच्या १९२४ च्या वेम्बली प्रदर्शनाशी जोडलेले इतिहासात आढळते. मग ब्रिटनमधल्या संग्रहांत, तिथल्या खासगी संग्राहकांकडे, नाव न लागलेल्या डब्यांत आपण नीट विचारणा केली आहे का? नाव न लागलेले डबे हा जगातल्या प्रत्येक संग्रहाचा दुखरा भाग असतो. पाट्या दुसऱ्या भाषेत असल्या, पहिले रीळ गेलेले असले, तर परक्या माणसाला तो ‘कुठलासा हिंदुस्थानी ऐतिहासिक चित्रपट’ एवढाच दिसणार. शेलारमामा ओळखणारा डोळा आपणच पाठवला पाहिजे.

दुसरा दाखला केरळचा, आणि तो आपल्या विषयाच्या अगदी जवळचा. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांची ‘मार्तांडवर्मा’ ही १८९१ ची लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरी; तिच्यावर १९३० च्या दशकाच्या आरंभी मूकपट झाला. कादंबरीचे हक्क ज्या प्रकाशनाकडे होते त्याने दावा लावला. चित्रपट थांबला, प्रत प्रकाशकाच्या ताब्यात गेली आणि तिथे पडून राहिली. १९७४ मध्ये ती पुण्याच्या संग्रहालयाने मिळवली. निर्मात्याचे वाटोळे झाले, पण चित्रपट वाचला. गावोगाव फिरून झिजलेली प्रत राहत नाही. कुठेतरी अडकून पडलेली राहते. म्हणून जिथे रीळ अडकले असेल अशा जागांची यादी करावी लागते : वितरकांची बंद गोदामे, तंबू थिएटरवाल्यांची घरे, संस्थानांचे जामदारखाने, कज्जे चाललेल्या कोर्टांचे मुद्देमाल. फाळक्यांची रिळे पुण्याच्या संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी अशीच माणसे गाठून, घरी जाऊन मिळवली. त्यासाठी आधी कोणीतरी दारात उभे राहावे लागते.

रीळ मिळेल न मिळेल. पण कागद मिळतील, याची मला खात्री आहे, आणि या पत्रातला माझा खरा आग्रह तो आहे.

बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांसाठी स्वतः पोस्टरे रंगवली. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका छापून वाटायची पद्धतही त्यांनी रुजवली. कोल्हापुरातल्या एका घरात मी मूकपटाच्या काळातली अशी एक पुस्तिका हातात घेतली आहे. ‘सिंहगड’ची नव्हे, पण त्याच जातीची. मधल्या टाचणीचा गंज दोन्ही बाजूंच्या पानांत उतरला होता आणि टाचणीभोवती कागदाचे तुकडे पडत होते. छायाचित्रांवर नटांची नावे पेन्सिलीने लिहिलेली, बहुधा त्या काळच्याच कोणा हौशी प्रेक्षकाने. गोष्ट ऐन रंगात येऊन थांबते आणि पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा, असे सांगते. घरातल्या आजींनी ती देवघराच्या फडताळात ठेवली होती, म्हणून राहिली. त्यांच्या मुलांना तिचे काय करायचे ते माहीत नव्हते. मी एका सरकारी कचेरीत विचारले, अशी वस्तू कोणाला द्यायची असेल तर कुठे द्यायची? उत्तर मिळाले, अर्ज करून ठेवा. मुंबईच्या चोरबाजारात असल्या वस्तूंना गिऱ्हाईक तासाभरात मिळते, आणि एकदा तिथून गेलेली वस्तू अभ्यासकाच्या नजरेला परत पडेलच असे नाही.

सरकारी कागदही कमी नाहीत. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर १९२० मध्ये मुंबईत सेन्सॉर मंडळ बसले. मंजूर चित्रपटांच्या याद्या, त्यांची लांबी फुटांत, मुंबई सरकारच्या राजपत्रात छापल्या जात. ती राजपत्रे आपल्याच ताब्यात आहेत. मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दप्तरे आहेत. त्या वर्षांच्या वृत्तपत्रांतल्या जाहिराती आहेत. एका जाहिरातीवरून चित्रपट कुठल्या गावात किती आठवडे चालला ते कळते; तीस जाहिराती एकत्र केल्या की त्याचा प्रवास कळतो, आणि शेवटची प्रत कुठल्या गावी गेली असावी याचा अंदाज लागतो. शोध नेमका इथून सुरू करायचा.

कागद पाहिल्याशिवाय आपण काय काय खरे धरून बसलो आहोत, याचे एकच उदाहरण देतो. ‘सिंहगड’ला एवढी गर्दी लोटली की ती पाहून सरकारला करमणूक कर लावायची कल्पना सुचली, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ऐकायला फार छान वाटते. पण मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा हा १९२३ चा पहिल्या क्रमांकाचा कायदा आहे. मग गर्दी आधी की कर आधी? राजपत्रातली सेन्सॉरची तारीख आणि विधिमंडळातली चर्चा शेजारी ठेवली की एका दुपारात निकाल लागेल. दंतकथा खरी निघाली तर आनंदच आहे. आणि ‘सावकारी पाश’ची कथा लिहिणारे नारायण हरि आपटे वेगळे, ‘गड आला’चे हरि नारायण आपटे वेगळे, एवढाही फरक अनेक ठिकाणी चुकीचा छापला जातो. मूळ कागद समोर नसले की असेच होत राहते.

पैसा नाही, असे कृपा करून म्हणू नका. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी केंद्राने ५९७ कोटी रुपये ठरवले. कोल्हापुरात मोरेवाडीला चित्रनगरी आहे, तिच्यावर राज्याचा खर्च होतो. तानाजीवर आजही कोट्यवधींचे चित्रपट निघतात आणि चालतात. मराठी भाषेला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आपले बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशात गेले. दोन्हींचा मला मनापासून अभिमान आहे. खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभाला आम्ही कोल्हापूरकर हार घालतो, तोही मनापासूनच घालतो. पण मराठी कादंबरीवरून मराठी माणसाने मराठी किल्ल्यावर काढलेल्या चित्रपटाची शंभरी २०२३ मध्ये आली आणि गेली, आणि त्या निमित्ताने एक साधी शोधमोहीमही निघाली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तर काय करावे? सांस्कृतिक कार्य विभाग आणि चित्रपट संग्रहालय यांनी मिळून एक छोटे पथक नेमावे. त्यात चित्रपटाचा जाणकार हवा, मोडी आणि जुनी दप्तरे वाचणारा हवा, आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे भागातल्या जुन्या घरांत ज्याच्या शब्दाला मान आहे असा एक माणूस हवा. तिसरा नसला तर पहिल्या दोघांना दार उघडणार नाही. पथकाने वस्तू मागू नयेत, प्रतिमा मागाव्यात. पुस्तिका घरातच राहू द्या, त्याच घरी स्कॅन करा आणि मालकाला त्याची एक चांगली प्रत द्या. लोक सरकारला वस्तू द्यायला घाबरतात, कारण गेलेली वस्तू परत दिसत नाही; बघू द्यायला मात्र आनंदाने तयार असतात. परदेशातल्या संग्रहांना संग्रहालयाने पत्रे लिहावीत, आणि पत्राबरोबर ओळखीच्या खुणाही पाठवाव्यात : नटांची छायाचित्रे, वेष, किल्ल्याचे देखावे, पाट्यांवर येऊ शकणारी नावे. १९२० ते १९३१ च्या राजपत्रांतल्या सेन्सॉर याद्या स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या कराव्यात. हे काम तर कोणाच्या परवानगीविना उद्या सुरू होऊ शकते.

आणि एवढे सारे करूनही रीळ मिळालेच नाही तर? तर जे मिळाले त्यातून ‘सिंहगड’ची मांडणी करावी. अमेरिकेत हरवलेला एक मूकपट २००२ मध्ये निव्वळ स्थिरचित्रांवरून, मूळ कथाक्रम लावून पुन्हा उभा केला गेला. आपल्याकडे तर हरिभाऊंचा मजकूर अक्षर न्‌ अक्षर शिल्लक आहे. छायाचित्रे, पुस्तिका, पोस्टर, जाहिराती आणि कादंबरीतले उतारे क्रमाने लावले, पेटी-तबल्याची साथ दिली, तर तासाभराचा प्रयोग गावोगाव दाखवता येईल. चित्रपट पाहिल्याचे समाधान त्यातून मिळणार नाही, हे मान्य आहे. पण त्या प्रयोगाला आलेल्या शंभर माणसांत एखादा असा निघेल की जो घरी जाऊन माळा उघडून बघेल. शोधाचे सगळ्यांत चांगले साधन हेच ठरेल, असे मला वाटते.

हे पत्र वाचणाऱ्या सामान्य वाचकांनाही एक कळकळीची विनंती. घरात जुना पत्र्याचा गोल डबा सापडला, आत चिकट फीत असली, आंबूस उग्र वास येत असला, तर ती उलगडू नका. उन्हात ठेवू नका, देवघराजवळ किंवा गॅसजवळ नेऊ नका, मशीनवर चालवून तर अजिबात पाहू नका. डबा घट्ट बंद करून कपाटात कोंडू नका. थंड, हवेशीर जागी वेगळा ठेवा. डब्यावरच्या चिठ्ठीचा, अक्षरांचा, शिक्क्यांचा फोटो काढा आणि जाणकाराला कळवा.

पण कळवायचे कोणाला? मंत्रिमहोदय, माझी पहिली आणि सर्वांत सोपी मागणी हीच आहे. या कामासाठी एक अधिकारी नेमा आणि त्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगावच्या वर्तमानपत्रांत छापा. पथक, पैसा, पत्रव्यवहार यांना सहा महिने लागले तरी चालतील. ही जाहिरात मात्र या महिन्यात निघू शकते.

आपला नम्र,
एक कोल्हापूरकर